वरची आणि डावी रेष

चोवीस खणांची थाळी. पहिल्या ओळीत औषध नाही,
दुसरीत नखाएवढं,
मग वाढवत वाढवत शेवटच्या ओळीत इतकं
की द्रावण पातळ ताकासारखं दिसतं.
पेशी कुणाच्या, मला माहीत नाही.
डबीवर आकडा आहे, तारीख आहे, आणि शब्द एकच: उजवा.
देणाऱ्याचं नाव नेत्रपेढीतच राहतं.

मूळच्या त्या काळ्या. पडद्यामागची फरसबंदी,
षटकोनी, एकीला एक खेटून.
थाळीत वाढायला लागल्या की दर दुभंगण्यात
काळेपणाची वाटणी होते, अर्धा हिला, अर्धा तिला,
पाचव्या पिढीच्या हाती काही लागत नाही.
वहीत मी लिहिते: वाढ चांगली.

मोजणी दुपारी. निळा रंग घालायचा.
जिवंत पेशी रंगाला दारात उभा करते,
मेलेली पिऊन टाकते.
काचेवर कोरलेल्या चौकटी, आणि नियम असा
की वरच्या आणि डाव्या रेषेला टेकलेल्या घ्यायच्या,
खालच्या, उजव्या सोडायच्या,
नाहीतर एकच दोनदा मोजली जाते.

थोडक्या औषधानं त्या जरा जास्तच वाढल्या.
मी परत मोजल्या. खरंच जास्त.
शेवटच्या ओळीत मात्र विरळ, लांबट, फटकून,
वर पांढरे कण बसलेले.

माळवदेकाका रावपुऱ्यात काजं करायचे,
दुसऱ्याच्या दुकानाच्या ओट्यावर, एक्केचाळीस वर्षं.
अख्खं बडोदं त्यांना काजवाळा काका म्हणायचं.
रक्तात साखर. डाव्या पडद्याला सूज आली
तेव्हा आधी टाका वाकडा गेला.
त्यांनी सुई बदलली. मग दोरा. मग चष्मा.
मग म्हणाले, हल्लीचं कापडच सरकतं.

डॉक्टरांनी चौकटींचा कागद दिला,
रोज एक डोळा झाकून बघायचा.
तो फ्रिजवर लावलाय, वीजबिलाच्या शेजारी.
मधल्या रेषा विश्वामित्रीसारख्या वळतात, म्हणाले,
आणि बरोबर मधे मगर आहे.

डोळ्यात सुई दिली त्या संध्याकाळी मी गेले.
"पांढरं पांढरं तरंगतंय गं,
टेलरचा खडू झटकल्यासारखं."
तीन आठवड्यांत रेषा सरळ. मगर बुडाली.
नको नको म्हणताना माझ्या कुर्त्याला त्यांनी
पाच काजं करून दिली, गव्हाच्या दाण्याएवढी.
मग विचारलं: तुझ्याकडे तेच औषध ना?
काय म्हणतात तुझ्या पेशी?

काय सांगणार.
डोळ्यात ते थोडं थोडं विरतं,
थाळीत पेशींच्या अंगावर बसतं आणि उठत नाही.
थाळी म्हणजे डोळा नव्हे,
हे वाक्य आमच्या प्रत्येक अहवालाच्या शेवटी असतं.
आजवर मी ते टाइप करत होते.
त्या दिवशी काळ्या घोड्याच्या पुलावर
स्कूटर बाजूला घेऊन मी ते मोठ्यानं म्हटलं.
खाली काठावर एक मगर तोंड उघडून पडली होती,
मागचा रिक्षावाला म्हणाला, बेन, आगळ चालो.

चौथ्या महिन्यात डोळ्यातला दाब चढला.
आता दोन वेळा थेंब, बाटली लोणच्याच्या बरणीमागे.
काल कागदापाशी मला उभं केलं.
सगळं सरळ आहे बघ, म्हणाले. फक्त ही एक.
त्यांचं बोट खालच्या टोकाला होतं, उजवीकडे.

ती सोडायची असते, असं तोंडावर आलं होतं.
उद्या दवाखान्यात जाऊ, एवढंच म्हटलं.

जाऊ की, म्हणाले.
तोवर या सुया तेवढ्या ओवून दे.
बारा होत्या. ओवल्या.
मग त्यांनी एकेक हातात घेऊन
परत मोजल्या.